‘बाई, घरी सांगू नका’

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, आपल्या विभागाने शाळांसाठी शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही हवा, तक्रारपेटी हवी, सखी सावित्री समिती हवी. आमच्या शाळेत तिन्ही आहेत. तक्रारपेटी दर्शनी भागात असावी म्हणून ती मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लावली आहे, आणि व्हरांड्यातला कॅमेरा तिच्या बरोबर वर आला आहे. पेटी उघडली की गोळ्यांचे कागद निघतात, स्वच्छतागृहात पाणी नसल्याची एखादी चिठ्ठी निघते. एकदा ‘गणिताचे सर खूप छान शिकवतात’ असंही निघालं होतं. अक्षर ज्याचं होतं तो गणितात काठावर होता. दोन्ही नियम आम्ही जसेच्या तसे पाळले, आणि दोन्ही मिळून कुठल्याच पोराने त्या पेटीत मनातलं काही टाकू नये याचा पक्का बंदोबस्त झाला.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते आणि नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. मुख्य मागणी एकच आहे. ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी बिघडायचं नाही. मुलाने शाळेत विश्वासाने सांगितलेली गोष्ट घरी कधी कळवायची आणि कधी कळवायची नाही, याचा लेखी नियम करा.

आता का, ते सांगते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. सक्षम यंत्रणा कायदा किंवा नियम करेपर्यंत ही तत्त्वं देशभरातल्या शाळा, कॉलेजं, क्लास आणि वसतिगृहांना लागू आहेत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत पाणउतारा करू नये. वाचून बरं वाटलं. मग हे आमच्यासारख्या शाळेत कसं उतरेल ते डोळ्यांसमोर आलं. जिथे ग्रंथपालाची आणि चित्रकलेच्या शिक्षकाची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे, तिथे वेगळा समुपदेशक येणार नाही. ते काम कुणा तरी शिक्षकाच्या गळ्यात पडेल, बहुधा शिक्षिकेच्याच. दोन दिवसांचं प्रशिक्षण, एक प्रमाणपत्र, फलकावर नाव. आणि त्याच बाई सकाळी मुलाचं ऐकून घेऊन संध्याकाळच्या पालक सभेत त्याच्या वडिलांपुढे घटक चाचणीचे गुण ठेवतील.

मुलं येतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बाई, घरी सांगू नका.’ काय सांगायचं नाही ते नंतर कळतं.

करोनानंतर शाळा भरल्या, मास्कची सक्ती उठली, तरी काही मुलींच्या तोंडावरचा मास्क उतरला नाही. माझ्या वर्गातही एक होती. डबा खाताना मास्क हनुवटीखाली ओढायची, घास तोंडात घालायची, की मास्क वर. पुन्हा खाली, घास, पुन्हा वर. मधली सुट्टी संपायची तरी अर्धी पोळी उरायची. मैत्रिणींना तिने धुळीची अ‍ॅलर्जी आहे असं सांगून ठेवलं होतं. एकदा वह्यांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आली, वह्या ठेवल्या, पण गेली नाही. बऱ्याच वेळाने बोलली. गालांवर पुटकुळ्या आणि वरच्या ओठावर लव. घरातल्या लग्नात, हळदीच्या वेळी, एक मावशी सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, ‘हिला आता दाढीचं सामान आणायला पाहिजे.’ सगळे हसले. आईही हसली. मावशीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. ‘आईपण हसली’ एवढंच तिने दोनदा सांगितलं. आणि जाताना, ‘आईला सांगू नका हं बाई. तिला वाईट वाटेल.’

मंत्रिमहोदय, हे वाक्य जरा थांबून वाचा. ही पोर मार बसेल म्हणून लपवत नव्हती, आईला जपत होती. मार चुकवायला लपवणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण आईला झेपणार नाही, बाबांचं आधीच कर्ज आहे, आजी आजारी आहे, म्हणून तोंडाला कुलूप लावणारी मुलं मला जास्त भेटली आहेत. घरातल्या माणसांचा मूड ती पावसाच्या ढगासारखा वाचतात आणि त्याप्रमाणे गप्प बसतात. मोठ्यांना वाटतं, पोरगं आजकाल घुम्यासारखं झालंय.

मुलग्यांचं आणखी वेगळं. आवाज फुटतो त्या वर्षी प्रकट वाचनाला हात वर करणारा मुलगा एकाएकी खाली बघायला लागतो. वर्गातल्या एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसरा अजून पाचवीतला दिसतो, आणि दोघांनाही स्वतःची लाज वाटत असते. बापलेकांचं बोलणं मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीची किल्ली यापलीकडे जात नाही. मग मन बोलत नाही ते पोट बोलतं. चाचणीच्या दिवशी पोटात कळ येते, मळमळतं, छातीत धडधडतं. गावातले डॉक्टर गॅसची गोळी देतात. पुन्हा दुखलं की तालुक्याला नेऊन सोनोग्राफी होते, रिपोर्ट साफ येतो, आणि डॉक्टर हसून म्हणतात, ‘काही नाही, नाटकं करतोय.’ त्या दिवसापासून त्या मुलाचं खरं दुखणंही नाटकात जमा.

दिसण्यावरून बोलणं हा तर आपल्याकडे आपुलकीचाच प्रकार मानतात. ‘किती सुटलीस गं’, ‘अगदीच काडी झालास’, ‘उन्हात खेळू नको, काळी पडशील’. बोलणाऱ्या काकू-आत्यांच्या मनात काही वाकडं नसतं, ऐकणाऱ्याच्या मनात मात्र ते घर करून बसतं. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या गोरेपणाच्या प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून टाकला. ट्यूबवरचा शब्द गेला, आत्याच्या तोंडातला अजून आहे. त्यात आता हातातल्या फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करून देणारे फिल्टर आले. चौदा वर्षांची मुलगी आरशात बघते तेव्हा तुलनेला मैत्रीण असेलच असं नाही. बरेचदा तिचाच काल संध्याकाळचा फिल्टरमधला फोटो असतो.

हे सगळं वयाचंच असतं आणि पुष्कळ मुलं त्यातून आपोआप बाहेर पडतात, हे मलाही माहीत आहे. प्रत्येक रुसव्याला आजाराचं नाव द्यावं असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो, आणि असे एक तृतीयांश त्रास चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. चौदावं वर्ष म्हणजे आमची नववी. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या तुकडीत चार-पाच होतात. त्यांची नावं मला सांगता आली पाहिजेत, आणि ती मला कळण्याचा रस्ता एकच आहे: त्यांनी येऊन सांगणं.

मुलं सांगतात, अट एवढीच की सांगायची जागा सुरक्षित हवी. ‘एनसीईआरटी’ने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या मनाबद्दल विचारलं. अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची धास्ती वाटते असं ८१ टक्के मुलांनी सांगितलं. वर्तमानपत्रांत हा आकडा गाजला. मला त्या सर्वेक्षणातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटली: अर्जावर नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. मोकळेपणाने उत्तर देता यावं म्हणून नावाचा रकाना ऐच्छिक ठेवला होता. हे ज्याला सुचलं त्याला मुलं कळतात.

नाव उघडं पडण्याची भीती किती खोल असते ते सध्याच्या सोयींकडे बघितलं की कळतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि आपल्या राज्यात त्यातली ‘मैत्री’ क्लिनिकं सरकारी दवाखान्यांत चालतात. कल्पना उत्तम. पण तिथे जायचं म्हणजे आधी केस पेपरच्या रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत मागे शेजारच्या काकू असतात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. एका मुलाने विचारलं, ‘बाई, फोन आईचा आहे आणि बाबा रोज कॉल बघतात. मग?’ दहावीच्या परीक्षेआधी मंडळ विभागवार समुपदेशकांचे नंबर प्रसिद्ध करतं, तिथेही अडचण हीच. शिवाय ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं आपण आपल्या बोलण्यात इतकी वर्षं चेष्टेसाठी वापरली आहेत, की ‘ह्याला येरवड्याला पाठवा’ हा विनोद पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतो. त्यानंतर मन बिनसलंय हे कोण कबूल करील?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीची आहे. त्या मुकुंदला नरूमामा आहे. आई-वडिलांशी जे बोलता येत नाही ते तो मामाशी बोलतो आणि मामा ते जाऊन आपल्या ताईच्या कानावर घालत नाही. कादंबरीतल्या शाळेपेक्षा आणि मुकुंदला आवडणाऱ्या शिरोडकरपेक्षाही मला आता तो मामा आठवतो, कारण माझ्या वर्गातल्या बहुतेकांना तो नाही. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नव्हे. त्याच घरांत मुलींची तोंडं कशी बंद व्हायची ते आमच्या आयांना विचारा. तरी त्या घरात आई आणि बाप सोडून तिसरं कुणी तरी असायचं. आता मामा पुण्यात असतो, गणपतीला दीड दिवस येतो आणि भाच्याला विचारतो, ‘काय, किती टक्के?’

शाळेतला समुपदेशक म्हणजे सरकारने नेमलेला नरूमामाच व्हायला हवा. नेमणुकीने ते होत नाही, कारण आमच्याकडे सांगितलेलं पोटात ठेवण्याची रीतच नाही. शेजारच्या एका शाळेतली गोष्ट सांगते. दहावीतला मुलगा, हुशार, एका सरांना म्हणाला की रात्र रात्र झोप लागत नाही, मला सायन्सला जायचं नाही, आणि बाबांना मी दिसतच नाही, माझे मार्क दिसतात. सर भला माणूस. पालक सभेत त्यांनी मुलाच्या हितासाठीच वडिलांना बाजूला घेऊन हे सांगितलं. वडील ओरडले नाहीत, त्यांच्या ते जिव्हारी लागलं. रात्री जेवताना म्हणाले, ‘आम्ही काय कमी केलं ते गावभर सांगत फिरतोस?’ मुलगा पुढे सरांशी बोलायचाच बंद झाला. आणि त्या तुकडीतलं दुसरंही कुणी नंतर सरांकडे गेलं नाही. पोरांचं जग लहान असतं, बातमी एका मधल्या सुट्टीत फिरते.

मला त्या वडिलांचा राग येत नाही. आपल्या मुलाने आपल्याला न सांगता परक्याला सांगितलं, हे कुठल्या आईबापाला लागणार नाही? त्यांच्यावरही दडपण असतं. निकालानंतर चौकातला क्लासचा फ्लेक्स, त्यावर शेजाऱ्याच्या मुलीचा हसरा फोटो आणि खाली टक्के. अकरावीचा प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन, म्हणजे दशांशाने कॉलेज हुकतं. आणि फीची जुळवाजुळव. घरात जी चिडचिड होते तिच्यामागे भीती असते आणि ती भीती मुलाला नावड वाटते. सकाळची भांडणं तर निव्वळ झोपेपायी होतात. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असा निर्णय आपल्या विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. झोपेचं घड्याळ पुढे सरकतं ते मात्र वयात येताना, लहानपणी नव्हे. सातच्या शाळेसाठी साडेपाचला ओढून उठवलेली मुलं माझ्या पहिल्या तासाला निबंध लिहितात. पण तो विषय वेगळ्या पत्राचा.

तर नियमाबद्दल. काही गोष्टी सांगाव्याच लागतात. जिवाला धोका असेल, मूल स्वतःला इजा करत असेल किंवा तसं बोलत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळलं पाहिजे. तिथे गुपित वगैरे काही नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याचं कलम १९ आहे. पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. हे सगळं मुलाला बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगायला हवं: या दोन गोष्टी मी माझ्याजवळ ठेवू शकणार नाही, बाकी तुझं माझ्याजवळ राहील. मुलांना हे कळतं. अट आधी सांगितली तर ती फसवणूक वाटत नाही.

बाकीचं म्हणजे शरीराची लाज, मैत्रीतली भांडणं, आवडणारा मुलगा किंवा मुलगी, मार्कांची धास्ती, आईबाबांची आपसातली कटकट. यातलं काहीही मुलाच्या संमतीशिवाय घरी जाऊ नये, मुख्याध्यापकांकडे जाऊ नये आणि स्टाफरूममध्ये तर मुळीच जाऊ नये. स्टाफरूमचं मी आतून सांगते, तिथे चहाबरोबर काय काय वाटलं जातं ते. घरी सांगणं गरजेचं वाटलं तर काय सांगणार ते मुलाला आधी कळावं, आणि त्याची इच्छा असेल तर सांगताना त्याला समोर बसता यावं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, व्हरांड्यात उभ्या उभ्या नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम २३ आहे, उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवण्याचं. डॉक्टरांना आणि रुग्णालयांना ते ठाऊक असतं. शाळेच्या प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेल्या शिक्षिकेला कोणता नियम बांधतो? आणि वडील समोर येऊन ‘माझ्या मुलाने काय सांगितलं ते मला कळलंच पाहिजे’ म्हणाले, तर तिने कोणत्या कागदावर बोट ठेवायचं? आज तिच्याकडे असा कागद नाही. म्हणून ती सांगून मोकळी होते. संस्थाचालकांच्या ओळखीतले पालक असले तर दुसरा इलाजही नसतो.

आई म्हणेल, मी आई आहे, मला कळायला नको? कळायला हवं. मूल संकटात असल्याचं कळण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण मुलाचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं तिच्यापर्यंत पोचावं हा हक्क नाही, तिच्या आईलाही तिच्याबाबत तो नव्हता. आणि माझा अनुभव असा, की बाहेर कुणाशी तरी बोलून हलकं झालेलं मूल काही दिवसांनी आपणच घरी थोडंफार बोलायला लागतं. त्या मास्कवाल्या मुलीशी मी अधूनमधून नुसतं बोलत राहिले. दिवाळीनंतर तिने स्वतःच आईला सांगितलं, मावशीचं नाही, फक्त पुटकुळ्यांचं. आई तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हळदीच्या त्या हसण्याचा विषय मायलेकींत निघाला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

एक मात्र आग्रहाने मांडते. जो मार्क देतो त्याने समुपदेशन करू नये, आणि यात मीही आले. माझ्याकडे मुलं बोलतात ती मी मराठीचे गुण देणारी असूनही, आणि त्यातली किती माझ्या लाल पेनाला भिऊन बोलत नसतील याचा हिशेब कुठेच होत नाही. प्रत्येक शाळेत पूर्णवेळ माणूस परवडत नसेल तर शाळांच्या केंद्राच्या पातळीवर नेमा. केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना आपल्याकडे आहेच. तसाच केंद्राचा एक समुपदेशक, ठरल्या वारी ठरल्या शाळेत येणारा, त्या गावचा नसलेला. मुलांना तो परका असेल आणि तेच त्यांच्या सोयीचं पडेल. खर्च आहे, तो मान्य. त्याची तरतूद होईपर्यंत गोपनीयतेचं परिपत्रक काढायला मात्र पैसे लागत नाहीत.

ते परिपत्रक एका पानाचं असावं आणि आमच्यासाठी काढतात तशा भाषेत नसावं. पालकांना वाचता यावं, नववीच्या मुलालाही. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा, आणि पहिली पालक सभा साधारण जुलैत होते. तेवढ्यात ते हाती आलं तर गुणांचा विषय निघायच्या आधी, आई-वडील आणि मुलं एकाच वर्गात बसलेली असताना, मला ते मोठ्याने वाचून दाखवता येईल.

आपली,
इयत्ता नववीची एक वर्गशिक्षिका